दप्तराला धनी हवा

कुठल्याही सरकारी कार्यालयात शिरलं की जिन्याजवळच्या भिंतीवर एक पाटी दिसते. जन माहिती अधिकारी कोण, प्रथम अपिलीय अधिकारी कोण, त्यांचे दूरध्वनी क्रमांक. माहिती अधिकाराचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर पूर्णपणे लागू झाला तेव्हापासून ही पाटी आहे आणि ती असायलाच हवी. पण २००५ सालाच्याच नावाचा आपल्या विधिमंडळाचा आणखी एक कायदा आहे: महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५. त्या कायद्याप्रमाणे कार्यालयानं आपल्यातला एक अधिकारी अभिलेख अधिकारी म्हणून नेमायचा असतो. हा माणूस कोण, कुठे बसतो, त्याला भेटायचं कधी, याची पाटी मी आजवर पाहिलेली नाही. तुम्ही पाहिली असेल तर तुमचं कार्यालय भाग्यवान आहे.

महसूल खात्यातल्या माझ्या नोकरीचा बहुतेक काळ कृष्णाकाठच्या एका तालुक्यात, अभिलेख कक्षात गेला. पदनाम अभिलेखपाल. लोकांच्या तोंडी रेकॉर्ड कीपर, आणि वयस्क शेतकऱ्यांच्या तोंडी 'दप्तरवाल्या बाई'. माझ्या वरती कायद्यानं नेमलेला अभिलेख अधिकारी होता, म्हणजे कागदावर होता. प्रत्यक्षात तो एखादा नायब तहसीलदार असायचा. त्याच्याकडे निवडणूक, रोजगार हमी, टंचाई, संजय गांधी निराधार योजना असं सगळं असायचं आणि शेवटच्या ओळीत 'अभिलेख' हा अतिरिक्त कार्यभार. वर्षाकाठी एकदा, बहुधा मार्चमध्ये, तो माझ्या खोलीच्या दारात येऊन विचारायचा, "बाई, सगळं ठीक ना?" मी ठीक म्हणायची, तो परत जायचा. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला दिवसाचे चोवीस तासही पुरत नव्हते. राग आहे तो अशी नेमणूक पुरेशी मानणाऱ्या व्यवस्थेवर.

कायदा वाचला तर या पदाकडून केवढी अपेक्षा आहे ते कळतं. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा आहे आणि राज्याचा कायदा त्याच वळणावर गेला आहे. अभिलेख अधिकाऱ्यानं कागदांची मांडणी नीट ठेवायची, ठरावीक काळानं निंदणी करायची, जुने कागद पुरालेखागाराच्या सल्ल्यानं तपासून कायम ठेवायचे की नष्ट करायचे ते ठरवायचं, जतनाची तंत्रं अमलात आणायची, आणि वरती वार्षिक अहवाल द्यायचा. कागद बेकायदा हलवला, फाडला, जाळला तर लगेच कारवाई सुरू करायची तीही त्यानंच. नियमाबाहेर कागद नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. केंद्राच्या कायद्यात तर १८९२ च्या आधीचा कागद, अगदीच चिंधड्या झाल्याखेरीज, नष्टच करता येत नाही. इतका कडक कायदा, आणि तो राबवणारा माणूस 'अतिरिक्त कार्यभार'वाला!

कागदाच्या कामाला एवढं महत्त्व का द्यायचं, असं तरुण वाचकांना वाटेल. त्यांनी एकदा जात पडताळणी समितीच्या कार्यालयाबाहेर, बारावीचा निकाल लागल्यानंतरच्या आठवड्यात, उभं राहून बघावं. महाराष्ट्रात जातीचा दाखला मिळवायचा तर ठरावीक तारखेच्या आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, पणजोबांच्या मृत्यूची नोंद, कुळाच्या नोंदवहीतली एक ओळ. हे सगळे कागद सरकारचे आहेत. सरकारी शाळेनं लिहिलेले, गावच्या पाटील-कुलकर्ण्यांनी सरकारच्या हुकमावरून लिहिलेले, तलाठ्याच्या दप्तरातले. ते नागरिकाच्या घरी कधीच नव्हते. तरी ते आणून देण्याचा भार नागरिकावर. म्हणजे कागद सरकारचा, ताबा सरकारचा, हरवला तर हलगर्जी सरकारची, आणि वर्ष मात्र वाया जातं त्या मुलीचं, जिला इंजिनिअरिंगला जागा मिळालेली असते.

माझं म्हणणं एवढंच आहे. नागरिकानं जो कागद दाखवल्यावाचून त्याला हक्क मिळत नाही, त्या कागदाला नाव-गाव असलेला, पूर्णवेळ, शिकलेला आणि वरिष्ठाला 'नाही' म्हणू शकेल असा धनी नेमणं हे सरकारचं पहिलं कर्तव्य आहे.

२०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आधी मराठवाड्यापुरता, मग राज्यभर. मी तोवर निवृत्त झाले होते. पण मोडी वाचता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे मलाही बोलावणं आलं. आरक्षणाच्या प्रश्नावर माझं मत इथे सांगायचं नाही. तो वाद मोठा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पोटतिडकीनं बोलणारी माणसं आहेत. मला सांगायचं आहे ते त्या महिन्यांत मी दप्तरांची काय अवस्था पाहिली ते.

गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. तिच्यात मृताचं नाव, वय, जात, मरणाचं कारण. प्लेगच्या वर्षांतली पानं उलटताना हात थांबतो. एकाच आळीतली नावं एकाखाली एक. मजकूर मोडीत. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता तिला अक्षरं लटकवत जायचं, शब्द तोडायचा नाही, अशी ती लिहिण्याची रीत. प्रत्येक कुलकर्ण्याचं वळण वेगळं. जातीच्या रकान्यात पूर्ण शब्दाऐवजी एखादं अक्षर आणि टिंब. त्या एका अक्षरावर आज एका कुटुंबाचं भवितव्य टांगलेलं. असं वाचन घाईत करायचं नसतं. पण वरून दररोज संध्याकाळी तक्ता मागितला जायचा: आज किती कागद तपासले, किती नोंदी सापडल्या. राज्यभर मिळून पन्नास लाखांहून जास्त नोंदी सापडल्याचं पुढे जाहीर झालं.

मला त्या आकड्याचा आनंद झाला आणि धक्काही बसला. इतक्या नोंदी आपल्याच कपाटांत होत्या आणि आपल्याला माहीत नव्हत्या! अभिलेख अधिकारी हे पद खऱ्या अर्थानं भरलेलं असतं, प्रत्येक गठ्ठ्याची अनुक्रमणिका झालेली असती, तर आंदोलनं पेटल्यावर युद्धपातळीवर कागद चाळायची वेळच आली नसती. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नं, २००५ सालीच, प्रत्येक कार्यालयाला सांगितलं होतं की आपले सगळे अभिलेख सूचीबद्ध करा, अनुक्रमणिका करा. ते काम तेव्हाच सुरू झालं असतं तर मधल्या अठरा वर्षांत कितीतरी घरांची वणवण वाचली असती. काही वह्या तर मी पाहिल्या त्यांना वाळवीनं आरपार भोकं पाडली होती. नाव शिल्लक, जात गेलेली. किंवा जात शिल्लक, नाव गेलेलं. समोर बसलेला माणूस म्हणायचा, "ताई, थोडं अजून बघा की." मी भिंग लावून बघायची. कसरीनं खाल्लेलं अक्षर भिंगानं परत येत नाही.

दप्तर कुणाच्या हाती आहे यावर माणसाचं नशीब ठरतं, हे महाराष्ट्राला नवं नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि पुण्याचं दप्तर कंपनी सरकारच्या ताब्यात गेलं. पुढे इनाम कमिशन आलं, १८५२ च्या कायद्यानं त्याला अधिकार मिळाले, आणि गावोगावच्या इनामदारांना सांगितलं गेलं की सनद दाखवा, नाहीतर जमिनीवर सारा लागेल. पेशव्यांचं दप्तर हे कमिशनच्या हातातलं हत्यार होतं. सरकारकडे कागद, लोकांकडे पिढ्यांची वहिवाट आणि फाटकी सनद, किंवा तीही नाही. किती घरं त्यात बुडाली याच्या आठवणी दक्षिण महाराष्ट्रात अजून सांगतात, आणि १८५७ च्या असंतोषाच्या कारणांत इनाम कमिशन इतिहासकार मोजतातच. ज्यांच्या हक्काचा निवाडा त्या कागदांवरून व्हायचा त्यांना ते कागद बघायलाही मिळत नव्हते. दप्तर सांभाळणारा अधिकारी होता, पण तो वसुलीच्या बाजूचा.

इंग्रजांनी जपलं हे मात्र मान्य केलं पाहिजे. मुंबईचं अभिलेख कार्यालय १८२१ मधलं. जॉर्ज फॉरेस्ट या गृहस्थांनी मुंबई सचिवालयाच्या दप्तरातून मराठ्यांसंबंधीचे कागद निवडून १८८५ मध्ये छापले, आणि १८९१ मध्ये कलकत्त्याला इंपिरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट निघालं तेव्हा त्याचे पहिले प्रमुख तेच झाले. म्हणजे दप्तराच्या कामातून वर गेलेला माणूस दप्तराचा प्रमुख होतो, हे तेव्हा घडलं होतं. पण हा जपणूकदार राज्यकर्त्यांचा होता. वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला तो वाईच्या एका खासगी घरात मिळालेल्या पत्रांतून. पुढची वर्षं ते वाड्यांचे माळे आणि मंदिरांची तळघरं धुंडाळत फिरले. पेशवे दफ्तराची दारं इथल्या संशोधकांना इतक्या सहजी उघडत नव्हती. ती खरी उघडली ती गोविंद सखाराम सरदेसाई, म्हणजे रियासतकार, यांच्या हातून. बडोद्याची नोकरी संपवून ते आले, जदुनाथ सरकारांनी त्यांची बाजू लावून धरली, आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड छापून निघाले. एका जाणत्या माणसाला अधिकार आणि वेळ दिला की काय होतं, याचं आपल्याच पुण्यातलं हे उदाहरण आहे. सरदेसायांना कुणी टंचाईचा अतिरिक्त कार्यभार दिला नव्हता.

आता थोडं कक्षाच्या आत येऊ. आपल्या कार्यालयांत कागदांची प्रतवारी असते. 'अ' म्हणजे कायम, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा, 'क-१' पाच, 'ड' एक वर्ष. प्रकरण बंद झालं की त्यावर वर्ग घालायचा, खारव्याच्या रुमालात बांधायचं, यादीसह अभिलेख कक्षात पाठवायचं. मुदत संपली की निंदणी. कुणाला वाटेल की मी प्रत्येक चिटोरं जपा म्हणते आहे. तसं मुळीच नाही. निंदणी हवीच. रजेचे अर्ज आणि गाडीच्या फेऱ्यांच्या नोंदी शंभर वर्षं ठेवल्या तर 'अ' वर्गाच्या वहीला मांडणीवर जागा उरत नाही, तिच्यावर पाणी गळतं. म्हणून तर तण कुठलं आणि पीक कुठलं हे ओळखणारा माणूस लागतो. वर्ग घालण्याचं काम त्या त्या शाखेचा कारकून करतो, आणि बहुतेकदा बदलीच्या आदल्या दिवशी, सगळ्या गठ्ठ्यावर एकच अक्षर मारून.

एक प्रसंग सांगते. कार्यालयाचं आणि साहेबांचं नाव सांगणार नाही. वरिष्ठांची तपासणी ठरली होती, स्वच्छता मोहीम निघाली होती. व्हरांड्यात ठेवलेले गठ्ठे 'ड' वर्गाचे आहेत, ते रद्दीत द्या, असं मला तोंडी सांगितलं गेलं. मी दोन-तीन रुमाल सोडून बघितले. आत कालव्याच्या भूसंपादनाचे निवाडे होते आणि मोबदला वाटपाची नोंदवही होती. बाहेर कुणीतरी 'ड' लिहिलं होतं. मी म्हटलं, "रावसाहेब, लेखी आदेश द्या, आणि यादीवर अभिलेख अधिकाऱ्यांची सही हवी." लेखी आदेश आला नाही. पुढच्या आठवड्यात मला जिल्ह्याच्या ठिकाणी प्रशिक्षणाला पाठवलं. परत आले तेव्हा व्हरांडा धुऊन पुसून लख्ख होता आणि कुंड्या मांडलेल्या होत्या. गठ्ठे टेम्पोतून गेले होते. वाचले ते मी आधीच आत उचलून ठेवलेले रुमाल.

काही वर्षांनी त्या कालव्याखालच्या गावांतली माणसं प्रकल्पग्रस्ताचा दाखला मागायला येऊ लागली. त्या दाखल्यावर नोकरीत समांतर आरक्षण मिळतं, म्हणून मुलगा पदवीधर झाला की बाप निवाड्याची नक्कल मागायला येतो. ज्यांचं गाव वाचलेल्या रुमालात होतं त्यांना मी नक्कल दिली. बाकीच्यांच्या अर्जावर 'सदर अभिलेख उपलब्ध नाही' असं लिहून द्यावं लागलं. त्या वाक्याखाली सही माझी असायची. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आमची जमीन तर उपलब्ध हुती, ती घेतली. मग कागद कसा न्हाई?" याला सरकारच्या वतीनं द्यायचं उत्तर मला कुणी शिकवलं नव्हतं.

आमच्याच सातारा जिल्ह्यात कोयनेचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. धरणाचं काम १९५४ च्या सुमारास सुरू झालं आणि दहा वर्षांत पुरं झालं. महाराष्ट्राला वीज मिळाली. उठलेल्या गावांतल्या खातेदारांचं कुणाला किती देणं राहिलं हे ठरवणाऱ्या संकलन नोंदवह्या नीट करण्यासाठी मात्र साठ वर्षांनंतरही माणसांना कोयनानगरला ठिय्या मांडून बसावं लागलं. गेलेल्या जमिनीचा हिशेब लावायला तिसरी पिढी आली, कारण पहिल्या पिढीचे कागद एका जागी, एका माणसाच्या जबाबदारीवर नव्हते.

आणि मग येतो तो शब्द, ज्याची मला नोकरीभर धास्ती वाटली: 'गहाळ'. माहिती अधिकारात अर्ज आला, कागद सापडला नाही, की माहिती अधिकारी लिहितो, 'नस्ती गहाळ आहे'. कायद्यात माहिती नाकारायची जी कारणं दिली आहेत त्यांत 'गहाळ' हे कारण नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१३ मध्ये एका निकालात स्पष्ट सांगितलं की जी माहिती एकेकाळी कार्यालयाकडे होती ती आता सापडत नाही एवढं म्हणून सुटका नाही, कसून शोध घ्यायचा, चौकशी करायची, जबाबदारी ठरवायची. पण चौकशी कोण करणार? माहिती अधिकाऱ्याला उशिरासाठी दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार रुपये दंड होतो, म्हणून तो घाबरून का होईना हलतो. ज्याच्या ताब्यात कागद असायला हवा त्या अभिलेख अधिकाऱ्याला आयोगासमोर क्वचितच उभं केलं जातं. पाच वर्षांच्या कैदेचं कलम पुस्तकात आहे. ते लावायला गुन्हा दाखल करणारा हवा, आणि तो गुन्हा त्याच कार्यालयातल्या माणसानं आपल्याच साहेबाविरुद्ध दाखल करायचा!

खरी अडचण इथे आहे. अभिलेख अधिकाऱ्याची नेमणूक कार्यालयप्रमुख करतो, त्याचा गोपनीय अहवाल कार्यालयप्रमुख लिहितो, त्याची रजा तोच मंजूर करतो. आणि कक्षातल्या कागदांत काय असतं? त्याच कार्यालयप्रमुखानं आणि त्याच्या आधीच्यांनी घेतलेले निर्णय. बिगरशेती परवानग्या, गायरानाचं वाटप, शर्तभंगाची प्रकरणं. ज्याच्या चुका दप्तरात आहेत त्याच्याच मेहेरबानीवर दप्तरदार जगतो. अशा माणसाकडून धैर्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. धैर्य अंगी असलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांची बदली झालेलीही पाहिली आहे.

चांगलं काही घडलंच नाही असं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. मी नोकरीत नवी होते तेव्हा तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अनिलकुमार लखिना नावाच्या जिल्हाधिकाऱ्यांनी कार्यालयाची आणि अभिलेखांची अशी घडी बसवली की 'लखिना पॅटर्न' हे नाव राज्यभर पोचलं. बाहेरून आलेल्या माणसाला त्याचा कागद काही मिनिटांत काढून देता येतो, हे तेव्हा आम्हाला पहिल्यांदा खरं वाटलं. टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करायची पद्धत आम्ही सगळे शिकलो: चालू प्रकरणं, प्रतीक्षेतली, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची, नष्ट करायची. पुढे २०१७ च्या सुमारास पुणे विभागात चंद्रकांत दळवी विभागीय आयुक्त असताना 'झिरो पेंडन्सी'च्या मोहिमेनं पुन्हा सगळे रुमाल सुटले आणि नीट बांधले गेले. दोन्ही वेळा मी मनापासून राबले. दोन्ही वेळा साहेब गेले आणि हळूहळू टेबलं पूर्वीसारखी झाली. मोहीम माणसाबरोबर येते आणि माणसाबरोबर जाते. पद मागे राहायला हवं होतं.

आता सगळं संगणकावर आहे, तुमच्या रुमालांची गरज काय, असं मला माझा भाचाही विचारतो. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, चौथ्या मजल्यापासून वरचं कितीतरी जळालं, तेव्हापासून संगणकीकरणाला वेग आला हे खरं आहे आणि चांगलं आहे. घरबसल्या जुना सातबारा आणि फेरफार बघता येतो, याचं सुख खेड्यातल्या माणसाला विचारा. पण स्कॅन करणाऱ्या कंत्राटाचं बिल पानांच्या संख्येवर निघतं. पान उलटं लागलं, अर्धं कापलं गेलं, गावाचं नाव चुकीचं टाकलं, तर ते पान यंत्रात असूनही नसल्यासारखं. ते तपासून 'बरोबर' म्हणणारा माणूस त्या गावाची दप्तरं ओळखणारा हवा. आणि स्कॅन झालं की मूळ वही रद्दीत घालायची घाई सुरू होते. न्यायालयात शाई, कागद, खाडाखोड यांवर वाद आला तर चित्रावरून काय ठरवणार?

त्याहून मोठी गोष्ट अशी की आजचं दप्तर कुठे तयार होतं आहे? सूचना व्हॉट्सॲपच्या गटावर येतात. पुराच्या रात्री कुणाला कुठे हलवा, कुठलं धान्य कुणाला द्या, हे सगळं तिथेच ठरतं. ई-ऑफिसमधली नस्ती, ई-मेल, जोडपत्रं. संगणकावर तयार झालेली सामग्रीही सार्वजनिक अभिलेखच आहे, कायद्याची व्याख्या तसं म्हणते. पण साहेबांचा फोन बदलला की त्या रात्रीचे आदेश गेले. पन्नास वर्षांनी आजच्या पूरग्रस्ताचा नातू पुरावा मागायला येईल तेव्हा त्याला दाखवायला वाळवी लागलेली वहीसुद्धा नसेल. याची काळजी करायला नेमलेला अधिकारी कोण, हे मी बऱ्याच ठिकाणी विचारलं. उत्तर मिळालं, "आयटीवाले बघतात."

राज्याचं पुराभिलेख संचालनालय आहे. मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत त्याचं मुख्य ठाणं, पुण्याचं पेशवे दफ्तर, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शाखा. तिथली माणसं मोडीचे वर्ग चालवतात, अपुऱ्या मनुष्यबळात जीव ओतून काम करतात. पण हे खातं सांस्कृतिक कार्य विभागात आहे आणि त्याच्याकडे बघण्याची नजरही तशीच आहे: प्रदर्शनं भरवा, शिवकालीन पत्रं काचेत ठेवा. तालुक्याच्या अभिलेख कक्षात येऊन 'ही वही इथे का भिजते आहे' असं दरडावून विचारणारा संचालनालयाचा अधिकारी मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. त्याला तसं विचारायला माणसं नाहीत, गाड्या नाहीत, आणि महसूल किंवा ग्रामविकास खातं त्याचं ऐकेल असा दबदबाही नाही.

तो दबदबा कायद्यानं द्यायला हवा. प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत एक पूर्णवेळ अभिलेख अधिकारी असावा, अभिलेखशास्त्र शिकलेला, मोडी वाचणारा, मराठवाड्यात उर्दूही वाचणारा. त्याची निवड लोकसेवा आयोगातून व्हावी. त्याचा गोपनीय अहवाल कार्यालयप्रमुखानं एकट्यानं लिहू नये, संचालकाचं मत त्यात असावं, आणि मुदतीआधी बदली करायची तर कारण लेखी द्यावं लागावं. निंदणीच्या यादीवर त्याची सही नसेल तर एक कपटाही कार्यालयाबाहेर जाऊ नये. तालुक्याचे अभिलेखपाल त्याच्या हाताखाली यावेत. कागद गहाळ झाला तर ठरावीक दिवसांत त्यानं चौकशी संपवावी, गुन्हा दाखल करावा, आणि दुसरीकडे प्रत मिळते का ते स्वतः शोधावं. पुष्कळदा मिळते, कारण आपल्या जुन्या व्यवस्थेत एकाच गोष्टीच्या नोंदी गाव, तालुका आणि भूमी अभिलेख अशा अनेक ठिकाणी होत्या. नागरिकाला दारोदार फिरवण्याऐवजी हे फिरणं अधिकाऱ्यानं करायचं. खर्च येईल, माझी हरकत नाही. कुणबी नोंदींच्या शोधासाठी एका रात्रीत माणसं, गाड्या आणि भत्ते उभे राहिलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत. पैसे नाहीत हे कारण आता चालणार नाही.

राज्याच्या पुराभिलेख संचालकपदी याच कामात केस पिकलेला माणूस बसवावा आणि त्याला पाच वर्षांची निश्चित मुदत द्यावी. त्याचा वार्षिक अहवाल कपाटात न जाता विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांच्या पटलावर यावा, म्हणजे आमदारांना आपल्या तालुक्याबद्दल प्रश्न विचारता येतील. पहिल्या वर्षी त्या अहवालात जिल्हावार एकच कोष्टक असलं तरी मला पुरे आहे: एकूण गठ्ठे किती, अनुक्रमणिका झालेले किती, भिजलेले किंवा वाळवी लागलेले किती, गहाळ ठरलेले कागद कोणते, आणि त्या प्रत्येकाच्या चौकशीचा निकाल काय.